फटफटी समजलेली बाई

आरटीओ साहेब, तुम्ही गाड्यांचे दिवे पास केलेत आणि त्यांच्यासमोर पायी चालणारा माणूस नापास केलात. तुमच्याच कचेरीच्या रांगेत फुलंब्रीकडचा मेंढपाळ कडूबा आणि शहरातला गाडीवाला ऋतुराज बोलत होते, ते ऐका.

“काका, आता नुसतं झाकोळलं तरी दिवे आपोआप लागतात. समोरच्या गाडीचा उजेड दिसला की अप्परचा डिप्परही आपोआप होतो, झोत खाली येतो.”

“आन् माणूस दिसला की?”

“माणसाला कुठं दिवा असतो?”

“तेच तर. दिवस मावळताना आमची कस्तुराबाई मेंढरांच्या म्होरं चालती. अप्परनं तिला काईच दिसंना. मग म्या तिच्या हातात बॅटरी दिली.”

“झाला डिप्पर?”

“झाला की. गाडीला वाटलं, फटफटी आली.”

“लई डोकं लावलं, काका.”

“लावलं, पर गाडीवाल्यालाबी फटफटीच वाटली. सरंल बाजूला म्हणून तो खेटून गेला. बाई रस्त्याकडंच्या चारीत पडली, हात मोडला. वर म्हनतो, मावशी, माणूस आहात हे आधी सांगायचं ना.”

साहेब, कस्तुराबाई हात गळ्यात बांधून आज संध्याकाळीही त्याच रस्त्यानं मेंढरं आणणार आहे. तिनं बॅटरी लावायची की विझवायची, ते लेखी सांगा.