रेडिओत बिघाड

मालक: सही करा आणि मोकळ्या व्हा, बाई. दोन दिवस माझ्या हँगरमध्ये ठाण मांडून बसलायत. कपाटं उपसून झाली, आग विझवायची नळकांडी मोजून झाली. आता काय, विमानाची चाकं चाटून बघणार?

तपासनीस: चाकं कालच बघितली. ठीक आहेत. तुमच्या वैमानिकांच्या विश्रांतीचं रजिस्टर ठीक नाही.

मालक: त्यात एक रकाना रिकामा दाखवा.

तपासनीस: तेच खटकलं. मागच्या महिन्यात बारा तारखेला तुमचा कॅप्टन रात्री सव्वाअकराला उतरला. मग सकाळी नऊपर्यंत विश्रांती, असं लिहिलंय. आणि विमानाच्या नोंदीत तेराला पहाटे पाचला इंजिन सुरू झालंय.

मालक: मेकॅनिकनं चालवून बघितलं असेल.

तपासनीस: बघता बघता चारशे किलोमीटरवर जाऊन उतरला?

मालक: हे बघा, मागच्या वर्षीचे तपासनीस अर्ध्या दिवसात गेले. चांगला शेरा देऊन.

तपासनीस: वाचला त्यांचा अहवाल. सातव्या पानावर भलत्याच कंपनीचं नाव राहून गेलंय.

मालक: जीभ फार चालते हो तुमची! हॉस्पिटलचे पेशंट न्यायचं काम आम्हाला मिळतंय, ते तुमच्या एका शेऱ्यावर अडलंय. चाळीस माणसांची पोटं आहेत इथं. तुमचं काय जातंय?

तपासनीस: स्ट्रेचरवरचा माणूस वैमानिकाला विचारू शकत नाही, बाबा रे, झोप झाली का तुझी? म्हणून मी विचारते. आणि त्याच पहाटेची ही दुसरी नोंद. ‘रेडिओत बिघाड, नऊ मिनिटं संपर्क नाही.’ दुरुस्त कोणी केला?

मालक: झाला असेल आपोआप सुरू.

तपासनीस: कोणी उघडूनसुद्धा बघितला नाही. तेच विमान दुपारी परत उडालं.

मालक: थांबा. कॅप्टनलाच बोलावतो. माझ्या बायकोचा सख्खा भाऊ आहे तो. अरे, आत ये जरा!

कॅप्टन: दाजी, दोनच्या उड्डाणाची तयारी चाललीय...

मालक: राहू दे. या बाईंना सांग, तेराला पहाटे विमान दुसऱ्या कोणीतरी नेलं.

कॅप्टन: दुसरं कोण आहे आपल्याकडे?

मालक: नीट आठव.

कॅप्टन: मीच नेलं, मॅडम. साडेतीन तास झोपून.

मालक: घ्या! लिहा! सगळ्याच कंपन्या करतात हे, पण सापडायचं आम्हीच.

तपासनीस: आणि रेडिओ?

कॅप्टन: रेडिओला काही झालं नव्हतं.

मालक: म्हणजे? तूच लिहून दिलंस मला!

कॅप्टन: मला झोप लागली होती, दाजी. शेजारच्या सहवैमानिकाचीही मान पडलेली. विमान ऑटोपायलटवर सरळ चाललं होतं. उतरायचं ठिकाण मागं पडलं. टॉवरवाला रेडिओवरून हाका मारत होता.

मालक: आणि महिनाभर माझ्याशी खोटं बोललास?

कॅप्टन: झोपेचं खोटं तुम्ही लिहिलंत. रेडिओचं मी लिहिलं.

मालक: नालायका! शिकवलं तुला, नोकरी दिली. निदान बहिणीच्या तोंडाकडे तरी बघायचं होतंस!

कॅप्टन: ताई मागेच बसली होती. गिऱ्हाईक आणायला विमान रिकामं चाललंय, तर मायलेकींना माहेरी सोड, असं तुम्हीच म्हणालात ना?

(मालक खुर्चीत बसतात.)

तपासनीस: तुम्हाला उठवलं कोणी?

कॅप्टन: चिऊनं. माझी भाची, आठ वर्षांची. ताईचा डोळा लागला होता. आपल्या विमानात मध्ये दार नाही. पुढं येऊन माझी बाही ओढत होती. म्हणाली, ‘मामा, ते काका केव्हाचे ओरडतायत.’

मालक: ती मला काही बोलली नाही.

कॅप्टन: बाबांना सांगू नकोस, असं मीच बजावलं होतं.

मालक: चालता हो इथून.

कॅप्टन: जातो. दोनचं विमान मी नेणार नाही. काल रात्रीही बारा वाजून गेल्यावर उतरलोय, आणि सकाळी सहापासून इथंच आहे.

तपासनीस: कॅप्टन, बाहेर बसून हे सगळं लिहून द्या मला. तुमच्या हातानं. आणि साहेब, शेरा तर विसराच. तुमची उड्डाणं थांबवावीत, असं मी आजच कळवणार आहे.

मालक: कळवा.

तपासनीस: दोनच्या प्रवाशांना?

मालक: मी सांगतो फोन करून.

तपासनीस: मग करा. मी समोर बसते.

मालक: करतो म्हटलं ना! ... हल्ली गाडीत चिऊ हट्टानं माझ्या शेजारी बसते. घर येईपर्यंत माझ्या डोळ्यांकडे बघत राहते, तोंड म्हणून मिटत नाही. काल मी ओरडलो तिच्यावर, जरा गप्प बस म्हणून.