विसरायचं नेटवर्क

इंटरनेट कंपनीच्या ऑफिसात माझ्यापुढे एक जोडपं उभं होतं. नवऱ्याने लॅपटॉप काउंटरवर आदळला.

“मॅडम, कालपासून नेट बंद आहे. आता माझ्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स आहे म्हणून त्यावर खापर फोडू नका.”

“नाही फोडत. पण तुमच्या घरचं नेट चालू दिसतंय... अहो, हा लॅपटॉप आमच्या नेटला कधी जोडलेलाच नाही. यात एकच नेटवर्क सेव्ह आहे, ‘तळमजला’.”

“तळमजला म्हणजे खालच्या काकू!” बायको म्हणाली.

“तुमचं कनेक्शन येईपर्यंत माझं वापर, म्हणाल्या होत्या. मग बदलायचं राहूनच गेलं,” नवरा म्हणाला.

“काल त्या राउटर बंद करून लेकीकडे गेल्या.”

“अगं, हळू बोल ना.”

“परवा जिना चढून आल्या होत्या. नेट फार रखडतंय, जरा बघतोस का रे, म्हणाल्या. तू काय उत्तर दिलंस?”

“जाऊ दे ना.”

“सांग मॅडमना.”

“म्हटलं, काकू, विंडोज वापरलं की असंच होणार.”

“आणि त्या ‘बरं बाळा’ म्हणून गुडघे धरत खाली उतरल्या.”

“सर, हे नेटवर्क लॅपटॉपला विसरायला लावू?” मी विचारलं.

“लावा, लावा.”

“लॅपटॉप विसरेल हो,” बायको म्हणाली. “काकू उद्या परत येतायत.”