दुसरा ग्लास

महाराणा प्रताप नगरातील काचसामानाच्या दुकानात, बिलाच्या रांगेत मी उभा असता पुढील दांपत्याचे संभाषण अनायासे कर्णगोचर झाले. गृहस्थांच्या हाती कॉकटेल मिसळण्याचे स्टीलचे पात्र, अर्थात शेकर, होते.

"एवढा महाग शेकर कशाला? झाकणाच्या बरणीत हलवलं तरी चालतं."

"प्रतीककडे आहे ना. शनिवारी तो नि शमिकावहिनी आपल्याकडे जेवायला येतायत. त्यालाही कळू दे."

"काय कळू दे?"

"की जिनमध्ये जांभूळ घालायला काही अक्कल लागत नाही. तू मात्र गेल्या आठवड्यात त्याच्याकडे दुसरा ग्लास मागून घेतलास. वर 'वा भाऊजी' म्हणालीस."

"चांगलं झालं होतं."

"माझ्या हातचं कधी मागून घेतलंस?"

"तुम्ही व्हिस्कीत सोडा ओतता. त्यात हातचं काय असतं?"

"शनिवारी बघ. शमिकावहिनींसाठी खास वेगळं करणार आहे. त्यांना गोड बिलकुल चालत नाही. थोडं कडवट, बर्फ कमी, वर संत्र्याची साल."

"अच्छा. आणि मला?"

"तुला काय?"

"मला काय चालतं?"

"तू कुठे घेतेस फारसं."

"अहो, माझा दुसरा ग्लास आठ दिवस लक्षात ठेवलात. त्यात मला काय आवडलं, ते एकदाही विचारलं नाहीत."

इतक्यात त्यांची पाळी आली.

"खोक्यात देऊ का, मॅडम?"

"हो, नीट बांधून द्या. शमिकावहिनींसाठी आहे."