नमुना पत्र

(इंदापूरजवळचा मुलींचा निवासी मदरसा. ऑफिसात अरबी शिकवणाऱ्या नसरीन आपा आणि निवृत्तीनंतर इंग्रजी शिकवायला येणारे ज्ञानदेव सर.)

आपा : तहूराला न्यायला तिचे अब्बा आलेत. बाहेर बसलेत, पण तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत.

सर : बायको जाऊन चार दिवस झाले त्यांची. काय बोलणार?

आपा : तसं नाही, सर. मला म्हणाले, आई शेवटच्या घटका मोजत होती आणि ही लिहिते, मला न्यायला येऊ नका.

सर : कुठं लिहिलं तिनं असं?

आपा : तुम्ही तपासलेल्या पत्रात. दर जुम्म्याला, शुक्रवारी, मी वह्यांचे फोटो घरी पाठवते ना? त्यांच्या गावात, पळसदेवला, शेजारच्या मुलीनं अर्थ सांगितला. 'मी इथे सुखात आहे. परीक्षा होईपर्यंत मला न्यायला येऊ नका.' ते त्याच दिवशी तिला न्यायला निघणार होते. गाडी सांगितलेली.

सर : अहो, ते नमुना पत्र. मी सांगून लिहून घेतलेलं. चाळीसच्या चाळीस वह्यांत तेच आहे.

आपा : पाठातला एक हरफ बदलायचा नाही, हे मीच त्यांना शिकवलं. तुमचा पाठही त्यांनी तसाच धरला.

सर : मी खाली 'व्हेरी गुड' लिहिलं.

आपा : त्या आठवडाभर आईसाठी रडत होती पोर.

सर : वर्गात मुलींच्या नि माझ्या मधे पडदा. वही खालून येते, खालून जाते. तिचा आवाज बसलेला होता, मला वाटलं सर्दी. विचारावंसं वाटलं होतं. पण परक्या मुलीला आपण काय विचारायचं, म्हणून राहिलं.

आपा : मी सांगू त्यांना?

सर : नको. अशा वेळी मला धड बोलता येत नाही, पण मीच सांगतो.

आपा : बशीरभाई, आत या. हे इंग्रजीचे सर.

बशीर : सलाम, सर. लई शिकवली पोरगी तुमी. तिची आई म्हनली, ऱ्हाऊ द्या, सुखात हाय ती तितं. मग दाराकडं बघायचंच सोडलं तिनं.

सर : भाऊ, ते शब्द तहूराचे नव्हते. माझे होते. सगळ्या मुलींना मी तेच दिले होते. तिनं नुसते उतरवले.

बशीर : मंजी, तिला यायचं व्हतं?

सर : मी विचारलं नाही. तुम्ही विचारा तिला.

बशीर : ...आपा, बोलवा तिला. सर, तुमी हितंच थांबा. मला एकट्याला न्हाय जमायचं.