मरीनाची जागा

आसावरी : पण मावशी, इथं मरीना होती. तिला काढून आईचा फोटो कुणी लावला?

मुक्ताबाई : म्याच. समद्या फोटूंना हार घालत आले, तवा गुरुजी म्हनले, थांबा, ही बाई जित्ती हाय. मंग जित्त्या मान्साचं भित्तीवर काय काम? उतरवली. हेडसरांनी बाईंचा फोटू मोटा करून आनलाच व्हता. रिकामा खिळा तेवढाच.

आसावरी : अहो, गणितज्ञांचं हे सगळं प्रदर्शन आईनंच जमवलंय. केमो चालू असताना एकेकाची माहिती शोधायची. पुढं पुढं चष्मा सहन होईना, तेव्हा मी वाचून दाखवायचे.

मुक्ताबाई : मला न्हाई का ठाव? शाळंत शिकवाया यायच्या तवर डबा खाताना सांगायच्या. ती इराणची मरियम फरशीवर कागूद पसरून गनित करायची, आन तिच्या लेकीला वाटायचं, आई चित्रं काढतीया.

आसावरी : ती चाळिसाव्या वर्षी गेली. तिथं आलं की आई म्हणायची, पुढचं वाच.

मुक्ताबाई : कर्करोगच ना गं?

आसावरी : हो. पुढची मरीना. युक्रेनची. कमीत कमी जागेत चेंडू कसे रचायचे, या कोड्याचं एक फार अवघड रूप तिनं सोडवलं. आई म्हणाली, शाळेच्या भिंतीवर सगळे मेलेलेच असतात. पोरींना वाटतं, गणित करणारी माणसं संपली. एक तरी जिवंत लाव. मावशी, ती माझ्याशी शेवटचं बोलली ते हे. माझं नाव नाही, बाबांचं नाही. मरीना.

मुक्ताबाई : आन म्या तीच उतरवली.

आसावरी : लावा ना परत.

मुक्ताबाई : टेबलावर ठिवू तिला? चांगलं कापड हातरते.

आसावरी : टेबलावर नको. त्यांच्या रांगेत हवी.

मुक्ताबाई : काँक्रिटची भित हाय, दुसरा खिळा शिरत न्हाई. बाईंना काढू व्हय? हार घातल्यावर? गाव काय म्हनंल, पोटच्या लेकीनं आईला खाली उतरवलं.

आसावरी : म्हणू दे. अग्नी मीच दिला ना? हेही मीच करते.

मुक्ताबाई : थांब, म्याच काढते. सर बाजूला, काच फोडशील.

आसावरी : सांभाळून. द्या इकडं.

मुक्ताबाई : घे. आन ही तुझी मरीना. बसली जागंवर. वाकडी न्हाई ना?

आसावरी : नाही.

मुक्ताबाई : पोरी आल्या बग, चपला काढत्यात भाईर. डोळं पूस. बाईंना ठिव टेबलावर आन लाग सांगाया.

आसावरी : अशीच सांगते.

मुक्ताबाई : फोटू उराशी धरून?

आसावरी : खाली ठेवता येत नाहीये, मावशी.