नुसती नावं

परवा वडिलांनी विचारलंच, "आठ महिने काय करत होतास रे?" वडील निवृत्त शिक्षक. मी नवी पेठेतल्या घरी बसून लिनक्स या संगणकप्रणालीच्या कर्नलवर, म्हणजे तिच्या गाभ्यावर, काम करतो, हे त्यांना नुसतं ऐकून माहीत.

म्हटलं, "प्रोग्रामनं फोल्डरमधली यादी मागितली, की नुसती नावं द्यायची का प्रत्येक फाईलची माहितीही काढायची, हे कर्नल ठरवतो. माहितीला लई वेळ जातो. आम्हा प्रोग्राम लिहिणाऱ्यांना बहुतेक वेळा नावंच लागतात. म्हणून हे प्रोग्रामलाच ठरवू द्या, असा बदल लिहून पाठवला होता."

"बरोबर आहे की. मग?"

"आज सकाळी कर्नल सांभाळणाऱ्यांचं उत्तर आलं. बदल नाकारला."

"चूक निघाली?"

"नाही. कोड चांगला आहे म्हणाले. पण प्रोग्राम लिहिणाऱ्यांना स्वतःला काय हवं ते कळत नसतं, कर्नललाच ठरवू दे."

मला वाटलं, वडील आता धीर देतील.

"तुला चित्रकलेला जायचं होतं," ते म्हणाले. "तेव्हा तुझ्या आईला मी हेच सांगितलं होतं."