भाता नसलेली पेटी

गुरुवारच्या उपासाची केळी घेऊन मी काळेवाडीच्या थांब्यावर बसले होते. बाकावर शेजारी एक जोडपं होतं. नवऱ्याच्या मांडीवर कीबोर्डची लांब पिशवी होती आणि तो तिची चेन सारखी उघडझाक करत होता.

"दुकानात परतच करू, विजू. पट्ट्या पोकळ लागतात. जोरात दाबा, हळू दाबा, आवाज तेवढाच."

"अहो, हलका हवा म्हणून तुम्हीच निवडलात. खांद्याला लावून कंपनीतून थेट भजनाला जाईन म्हणालात."

"पेटी ती पेटी. याला भाता कुठाय?"

"भाता कुठल्या हाताने मारणार होतात?"

"हळू बोल."

"हळूच बोलतेय. कंपनीत प्रेस मशीनखाली बोटं गेली ती डाव्या हाताची. उजवा धड आहे ना?"

"भजनात सगळे त्या डाव्याकडेच बघत बसतील."

"बघतील थोडे दिवस. मग कंटाळून टाळ वाजवायला लागतील."

"तुला सगळं सोपं वाटतं."

"सोपं कसलं? तेव्हापासून घरात तुमचं साधं गुणगुणणं ऐकलं नाही मी. बस आली बघा. उठा, परत करायचा ना?"

"थांब जरा. बॅटरी आरतीपर्यंत टिकेल का?"

"टिकते. मी विचारूनच घेतला."

"मग ही बस जाऊ दे."